पुन्हा पहिल्यापासून

मेधाचा फोन आला तेव्हा मी तिलाच दुरुस्त केलं. “विनयकाका, आई गेली,” ती म्हणाली, आणि मी म्हणालो, “आई नव्हे गं, बाबा. बाबा गेले म्हणायचंय तुला.” मेधा ही डॉक्टर साठ्ये आणि कुमुदताईंची एकुलती एक मुलगी. जन्म लीड्सचा, आता राहते वॉटफर्डला. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत शब्दांची लिंगं आपापल्या मर्जीनं फिरतात, म्हणून तिला दुरुस्त करायची मला जुनी सवय. मग ती म्हणाली, “नो, काका. आई. किचनमध्ये. केटल ऑन होता. मला वाटला तुम्हाला आधी सांगावा.”

मी तिला पुन्हा एकदा विचारून घेतलं. हॉस्पिटलात माणसं जाताना बघणं हा माझ्या कामाचा भाग आहे, तरीही. कारण आम्ही सगळ्यांनी तयारी केली होती ती डॉक्टर साठ्यांची. ते कधी जातील, मग कुमुदताई एकट्या कशा राहतील, त्यांना पिनरच्या बहिणीकडे पाठवायचं की मेधाकडे, इथपर्यंत आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर ठरलं होतं. त्या स्वतः आधी जातील हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. अजूनही मला ते पटलेलं नाही. ह्या बाईंनी मला आयुष्यभर धक्केच दिले, आणि जातानाही सोडलं नाही.

पहिला धक्का पहिल्याच भेटीत बसला. मी नुकताच नागपूरहून लीड्सच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर म्हणून आलो होतो. छातीच्या आजारांचे वॉर्ड डॉक्टर साठ्यांकडे होते. मी त्यांना ‘सर’ म्हणायचो आणि शेवटपर्यंत सरच म्हणत राहिलो. त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. कितीतरी दिवसांनी वरण-भाताचा वास आला आणि माझं चित्त अर्धं स्वयंपाकघरातच होतं. तेवढ्यात फोडणी जरा जास्त झाली. करपली असंही म्हणता येणार नाही, मोहरी काळसर झाली एवढंच. कुमुदताईंनी ती वरणावर ओतली, चमचाभर चव घेतली, आणि अख्खं पातेलं सिंकमध्ये रिकामं केलं. मग शांतपणे डाळ धुऊन परत कुकर लावला. भातसुद्धा टाकला! भातानं काय केलं होतं?

सरांनी शेंगदाण्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली. “खा. सवय होईल,” ते म्हणाले.

कुमुदताई हात पुसत बाहेर आल्या. “विनय, तू सत्यनारायण पाहिला असशील ना? भटजी चुकले तर काय करतात?”

“काही नाही. शेवटी क्षमा मागण्याचा मंत्र असतो. सगळ्या चुका त्यात निघतात आणि मग शिरा.”

“बरोबर. आपला देव समजूतदार. रोमन लोकांना ती सोय नव्हती. देवाच्या उत्सवात नाटकं व्हायची. मधेच बासरी थांबली, नाचणारा अडखळला, एखादा शब्द मागेपुढे झाला, तर ते झालंच नाही असं धरायचे. देवानं बघितलंच नाही. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.”

“म्हणजे तेवढा प्रवेश?”

“अख्खा उत्सव. मिरवणुकीपासून.”

मी आ वासून ऐकत होतो, थोडा भुकेनंही. ह्या नियमावर ती बाई संसार करते आहे हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. गाडी पार्क करताना चाक जरा वाकडं लागलं, तर त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन नव्यानं यायच्या. गोष्ट सांगताना तुम्ही मधे शिंकलात, तर गोष्ट सुरुवातीपासून. त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला एकीला अत्तर लावायचं राहिलं, तर त्यांनी सगळ्या बायकांना पुन्हा दाराबाहेर उभं केलं होतं, आणि बाहेर बर्फ. बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, पण पुढच्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्याच घरी जायच्या.

कुमुदताई लॅटिनच्या शिक्षिका होत्या. हे मी कुणालाही सांगितलं की लोक म्हणतात, लॅटिन? मराठी बाई? लीड्सला? तर हो. पुण्याला संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या. लग्न करून इथे आल्या तेव्हा संस्कृतला कोण विचारतो. घराजवळच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून जायला लागल्या. तिथला लॅटिनचा म्हातारा मास्तर आजारी पडला आणि हेडमास्तरांनी ह्यांना विचारलं, मुलांना तेवढा वेळ गप्प बसवाल का? कुमुदताईंनी गप्प बसवलं नाही. संस्कृतच्या विभक्ती ज्याला येतात त्याला लॅटिनचं भय वाटत नाही असं म्हणून त्यांनी रात्रंदिवस अभ्यास केला, मुलांच्या पुढे एक धडा राहिल्या, आणि मास्तर परत आला तेव्हा मुलं त्याच्याकडे जायला तयार होईनात. नंतर रीतसर डिग्री घेतली. सुती साडी, वर जाड कार्डिगन, पायात डोंगर चढायचे बूट, अशा थाटात त्या यॉर्कशरच्या पोरांना लॅटिन शिकवत निवृत्त झाल्या. इंग्रजी बोलताना अस्सल तिथल्या. बसचा ड्रायव्हर असो की बिशप, सगळ्यांना एकच हाक, ‘लव्ह’, तिकडचं ‘बाळा’.

त्यांचा वर्ग मी एकदा पाहिला. आमचा मुलगा अथर्व त्या शाळेत होता आणि पालकांना वर्गात बसायला बोलावलं होतं. मला वाटलं होतं सम्राट, संगमरवर, हत्यारं वगैरे निघतील. कुमुदताईंनी फळ्यावर एक बेडी काढली.

“लॅटिनमधलं पहिलं नाटक कुणी लिहिलं? ह्यानं,” असं म्हणून त्यांनी बेडीवर बोट ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. दक्षिण इटलीतल्या एका ग्रीक गावातला हा माणूस. युद्धात पकडला गेला असं म्हणतात, गुलाम म्हणून रोममध्ये आला. मालकाच्या मुलांना शिकवायचा. रोमन लोकांकडे तेव्हा कायदे होते, फौज होती, लग्नात आणि सुगीला एकमेकांना शिव्या द्यायची चावट गाणी होती. पण मुलांच्या हातात द्यावं असं एक पुस्तक नव्हतं. तेव्हा ह्यानं आपल्या ग्रीकांचं महाकाव्य लॅटिनमध्ये आणलं, शाळेतल्या पोरांसाठी. पुढे एक मोठं युद्ध जिंकल्यावर अधिकाऱ्यांनी त्याला सांगितलं, यंदा उत्सवात ग्रीकांसारखं काहीतरी दाखव, गोष्ट असलेलं. त्यानं नाटक लिहिलं, त्यात स्वतः कामही केलं. दुसऱ्याची भाषा, दुसऱ्याचा देव आणि दुसऱ्याचा विजय.

“म्हणजे मिस, लॅटिन लिटरेचर एका फॉरेनरनं सुरू केलं?” मागच्या बाकावरची एक लाल केसांची मुलगी जवळजवळ ओरडलीच.

“फॉरेन टीचरनं,” कुमुदताई म्हणाल्या. “वर्स्ट काइंड, लव्ह.”

वर्ग हसला. मी नाही हसलो. मला कुणीतरी कानाखाली दिल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन मी नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं पुन्हा सांगितलं आणि तिनं विचारलं, “मग त्या नाटकाचं काय झालं?” तेही मी वर्गात विचारलं होतं. काही नाही झालं. हरवलं. त्या माणसाच्या सगळ्या लिखाणातल्या सुट्या ओळी तेवढ्या उरल्या आहेत, त्याही दुसऱ्यांनी कुठेकुठे उद्धृत केल्या म्हणून.

आमच्या लीड्सच्या मराठी मंडळात कुमुदताईंना बोलायला बोलावताना सेक्रेटरी शिरीष दहादा विचार करायचा. तरी त्यानं एकदा चूक केली. जुन्या डॉक्टर मंडळींचा सत्कार होता. पूर्वी इथल्या हॉस्पिटलांना माणसं कमी पडली तेव्हा जे आले, ज्यांना मोठ्या शहरांनी नको असलेली कामं दिली आणि ज्यांनी ती निभावली, ते सगळे पुढच्या रांगेत शालीबिली घेऊन बसलेले. प्रमुख पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत. शिरीषनं कुमुदताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

“रोममध्ये एकदा भयंकर साथ आली,” त्यांनी सुरुवात केली. “औषध चालेना, नवस चालेनात. तेव्हा त्यांनी शेजारच्या मुलुखातून नाचणारे बोलावले. ह्यांची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून ते एक शब्द न बोलता नुसते बासरीवर नाचले. रोमन पोरांनी आधी त्यांची टिंगल केली, मग नक्कल केली, मग त्यात आपले विनोद घातले. तिथून रोमचं नाटक सुरू झालं. साथ आली म्हणून परके आणले, त्यांच्याकडून काम करून घेतलं आणि त्यांची टिंगलही केली. पुढच्या रांगेतल्या मंडळींना हे ओळखीचं वाटत असेल.”

डॉक्टर भागवत, हाडांचे मोठे सर्जन, देह पहिलवानाचा, ते लालबुंद झाले. “आम्ही नाचे?” असं मोठ्यानं म्हणून ते उठले आणि शाल खुर्चीवर टाकून चालते झाले. शिरीषनं माझ्याकडे पाहिलं, मी माईकचा आवाज कमी करायचा विचार करत होतो. आणि कुमुदताई? भागवतांच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, “अहो, पुढचं ऐकून तरी जा. साथ गेली नाही! उलट नदीला पूर आला आणि खेळाच्या मैदानात पाणी शिरलं. पण नाटक राहिलं. पुढे साथही गेली, रोमही गेलं, नाटक राहिलं.”

भागवत त्यांच्याशी त्यानंतर बोलले नाहीत. बायको बोलायची, ते लांबून मान हलवायचे.

सरांचं विसरणं कधी सुरू झालं ते नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. मला कळलं ते एका रविवारी. त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. सर माझ्याशी नागपूरच्या संत्र्यांवर व्यवस्थित मराठीत बोलत होते. कुमुदताईंनी कप आणून त्यांच्या हातात दिला. सर खुर्चीतून किंचित उठले, मान झुकवली आणि इंग्रजीत म्हणाले, “थँक यू, सिस्टर. व्हेरी काइंड.”

मला वाटलं थट्टा आहे. मी हसलोसुद्धा. मग कुमुदताईंचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. त्या मात्र पक्क्या यॉर्कशर आवाजात म्हणाल्या, “यू’र ऑल राइट, लव्ह. ड्रिंक इट वाइल इट्स हॉट.”

नंतर दाराशी मी विचारलं, “कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. त्यांना वाटतं मी वॉर्डातली नर्स आहे. मी मराठी बोलले की घाबरतात, ह्या बाईला मराठी कसं येतं म्हणून. म्हणून इंग्लिश.” त्या माझा कोट काढून देत होत्या. “एक सांगू? उभ्या संसारात ह्या माणसानं मला कधी थँक यू म्हटलं नाही. आता दिवसभर म्हणतात. मला नको आहे रे ते. मला एकदा नावानं हाक मारू देत. ‘कुमुद, माझा चष्मा कुठे टाकलास’ असं खेकसू देत. एकदा.”

मी डॉक्टर माणूस. हा आजार मागे फिरत नाही हे मला ठाऊक, त्यांनाही ठाऊक. पण त्या दिवशी गाडी तिथेच ठेवून मी चालत घरी गेलो.

त्या वर्षीच्या गणपतीला कुमुदताईंनी शिरीषकडे नाटुकल्यासाठी वेळ मागितला. जेवणाआधीचा थोडा वेळ. विषय, अर्थात, तो गुलाम मास्तर. आणि मास्तराच्या भूमिकेत सर. शिरीष माझ्याकडे धावत आला. “विनय, तू समजाव यार त्यांना. काकांना आपलं घर आठवत नाही, डायलॉग कसे आठवणार? सगळ्यांसमोर एम्बॅरसिंग होईल.”

मी समजवायला गेलो आणि समजून आलो. त्या मास्तराची एक गोष्ट आहे. लोक त्याला इतक्यांदा ‘पुन्हा म्हण, पुन्हा म्हण’ म्हणायचे की त्याचा आवाज बसला. तेव्हा त्यानं परवानगी मागितली, की गाणं दुसरा म्हणेल, मी नुसते हातवारे करीन. आणि बोलायचं ओझं गेल्यावर त्याचा अभिनय आणखीच खुलला म्हणे. पुढे रोममध्ये तीच पद्धत पडली, एकजण गाणार आणि दुसरा अंगानं दाखवणार.

“ह्यांचे शब्द गेलेत, हात नाही गेले,” कुमुदताई म्हणाल्या. “बघ.” त्यांनी ‘डॉक्टर, नेक्स्ट पेशंट’ म्हटलं आणि सरांचे हात उठले. डावा तळहात हवेत टेकवून उजव्या बोटानं त्यावर ठोके. मग दोन्ही हात वर, खोल श्वास घ्या. मग हात सावकाश खाली, सोडा. त्याच हातवाऱ्यांवर कुमुदताईंनी अख्खी भूमिका बेतली होती. मास्तर मुलांना शिकवतो, मास्तर देवाला आळवतो, मास्तर समुद्र दाखवतो. सगळं छाती तपासण्यातून निघालं होतं.

शब्द नीलिमा म्हणणार होती, रंगमंचाच्या कडेला उभी राहून. बासरी रेकॉर्ड केलेली, ती वाजवायला मी, लॅपटॉपसकट विंगेत. कुमुदताईंचं काम एवढंच की गाण्याआधी येऊन मास्तराच्या खांद्यावर शाल घालायची आणि बाजूला व्हायचं.

शाळेचा हॉल भरला होता. मागून मसालेभाताचा वास यायला लागला होता. कुमुदताईंनी आधी प्रेक्षकांना सगळं सांगितलं, मास्तर कोण, मुका का, आणि रोमचा नियम काय. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून, हे ऐकून मसालेभाताकडे बघत लोक हसले. खेळ सुरू झाला. सर छान उभे होते. नीलिमा म्हणत होती, त्यांचे हात हवेत ठोके देत होते, श्वास घेत होते, आणि खरंच सांगतो, मला समुद्र दिसला. मग कुमुदताई शाल घेऊन आल्या. त्यांनी ती सरांच्या खांद्यावर घातली. सरांनी शालीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, शाल काढली आणि त्यांच्याच अंगाभोवती गुंडाळली.

“कुमुद, तूच घे गं,” ते म्हणाले. “थंडी तुला वाजते.”

स्वच्छ मराठीत. चिडके, प्रेमळ, जुने सर. हॉलला काही कळलं नाही, पण विंगेत मी आणि तिकडे नीलिमा, आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुमुदताई शाल धरून उभ्या होत्या. आता त्या रडतील, त्यांना मिठी मारतील, काहीही करतील असं मला वाटलं. त्या प्रेक्षकांकडे वळल्या.

“चूक झाली. मुका नट बोलला. पुन्हा पहिल्यापासून.”

लोक हसले, टाळ्या पडल्या. मला मात्र असा संताप आला की काय सांगू. अहो, ज्या हाकेसाठी तुम्ही जीव टाकत होता ती आली, आणि तुम्ही तिला चूक म्हणता? त्या रोमच्या नियमाला आग लागो! दात-ओठ खात मी बासरी पुन्हा सुरू केली.

पुन्हा सगळं झालं. शाल आली. कुमुदताईंनी ती खांद्यावर घातली आणि बाजूला झाल्या नाहीत, तिथेच थांबल्या. सरांनी मान झुकवली. “थँक यू, सिस्टर.”

“नीलिमाचा शब्द चुकला,” कुमुदताई प्रेक्षकांना म्हणाल्या. “पुन्हा पहिल्यापासून.”

नीलिमा चुकली नव्हती. ह्यावेळी हसणारे कमी होते. शिरीष विंगेत आला. “कुमुदताई, प्लीज. केअरटेकर दोनदा डोकावून गेलाय. हॉल रिकामा करायचाय. एवढं परफेक्ट कशाला? कुणाला कळतंय?”

त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या, सरांकडे बघत होत्या. “शिरीष, रोमन लोक मुद्दामसुद्धा चूक काढायचे रे. खेळ फार आवडला, तर. पुन्हा बघायला मिळावा म्हणून.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मघाशी मी मनातल्या मनात काय काय बोललो होतो ते आठवून कानशिलं तापली. मी काही न विचारता बासरी सुरू केली.

तिसऱ्यांदा सर शाल घेऊन नुसते उभे राहिले. दमले होते. काहीच बोलले नाहीत. खेळ पुढे सरकून संपला, नीलिमानं शेवटची ओळ म्हटली. कुमुदताई प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांना काढायला चूक सापडत नव्हती. सगळं बिनचूक झालं होतं. त्यांचे ओठ हलत होते. आता बाहेरच्यांनाही काहीतरी कळत चाललं होतं, बायका एकमेकींचे हात धरत होत्या. आणि तिसऱ्या रांगेतून तो पहिलवानी देह उठला.

“बासरी थांबली होती,” डॉक्टर भागवत म्हणाले. “मी ऐकलं. मधेच थांबली. हे चालणार नाही. पुन्हा व्हायला पाहिजे.”

बासरी थांबली नव्हती. बासरी माझ्या हातात होती. “हो, थांबली,” मी विंगेतून ओरडलो. “माझी चूक.” “आम्हीपण ऐकलं,” कुणीतरी मागून म्हणालं. “पुन्हा घ्या! पहिल्यापासून घ्या!” जेवण वाढणाऱ्या बायका ॲप्रनसकट दारात येऊन उभ्या राहिल्या. शिरीष केअरटेकरची समजूत घालायला पळाला.

चौथ्यांदा शाल घातली तेव्हा सरांनी कुमुदताईंचं मनगट पकडलं. त्यांनी नाडीवर बोटं नीट बसवली, हॉलच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मोजायला लागले. किती तरी वेळ मोजत होते. मग मनगट हलकेच सोडून म्हणाले, “यू’व्ह बीन ऑन युअर फीट ऑल डे, सिस्टर. गो होम नाउ.”

“आय विल, लव्ह,” कुमुदताई म्हणाल्या.

ह्यावेळी त्यांनी चूक काढली नाही. भागवत परत उठायला लागले तर त्यांनी हातानंच त्यांना बसवलं. शिरीषला म्हणाल्या, “पानं घ्या.” आणि सरांना हाताला धरून खाली उतरल्या. मी लॅपटॉप बंद करायच्या मिषानं बराच वेळ विंगेतच बसून राहिलो. नीलिमा आली, शेजारी बसली.

कुमुदताईंना मी शेवटचं पाहिलं ते आमच्याच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, जाण्याच्या काही आठवडे आधी, भर दुपारी. सरांना तपासणीला आणलं होतं. सर व्हीलचेअरमध्ये, कुमुदताई शेजारच्या खुर्चीवर, पायात तेच बूट. मी पुढच्या ऑपरेशनला निघालो होतो. सरांनी मला ओळखलं नाही, पण मराठी तोंडावळा ओळखला असावा. हातानं जवळ बोलावलं आणि हळू आवाजात मराठीत म्हणाले, “ह्या सिस्टर आहेत ना, फार चांगल्या आहेत हो. ह्यांना मराठी कळत नाही म्हणून सांगतो. माझ्यासाठी फार करतात. मला कधीकधी भीती वाटते, ह्यांचा जीव जडला असेल माझ्यावर.”

मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होत्या.

“पण माझं लग्न झालंय,” सर म्हणाले. “ह्यांना सांगायला हवं कुणीतरी. मला जमणार नाही म्हणावं. घरी बायको वाट बघत असेल.”

कुमुदताई पोस्टरवरची नजर न काढता इंग्रजीत म्हणाल्या, “हॅव यू गॉट अ वाइफ, देन, लव्ह?”

सर चमकले. मग जरा अवघडून, पण ठामपणे म्हणाले, “येस, सिस्टर. आय हॅव.”

“व्हॉट्स हर नेम?”

“कुमुद.”

त्यांनी मान खाली घातली. मग खुर्ची सरांच्या जवळ ओढली आणि कान त्यांच्या तोंडापाशी नेला. “से इट अगेन, लव्ह. आय’म अ बिट डेफ.”

सर पुढे वाकले. ऐकू न येणाऱ्या पेशंटशी बोलावं तसं एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं म्हणाले, “कु-मु-द.” कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली.

“अगेन,” त्या म्हणाल्या.

माझा पेशंट टेबलावर वाट बघत होता. सरांनी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी तिथून हललो नाही.